अधिकाचे वाण

तिसऱ्या गाडीत दिनकरराव मागच्या बाजूला जाऊन बसले. दार आतून लावले, उघडले, पुन्हा लावले. मग बाहेर येऊन त्यांनी विचारले, "उभ्या जागेवरून वेग किती लवकर धरते?"

जुन्या गाड्यांचा दलाल रंगनाथ हसला. परभणीत, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात, हैदराबादेहून आणलेल्या तीन विलायती गाड्या त्याने ओळीने उभ्या केल्या होत्या. पहिली पांढरी, मखमली बैठकीची, गजगतीने चालणारी. दुसरी निळी, रूप शाबूत, पण चढाला धाप लागणारी. तिसरी काळी, जर्मन बनावटीची, कोण्या जहागीरदाराच्या शौकाखातर समुद्र ओलांडून आलेली. तिचा रंग विटला होता, पत्रा जागोजाग दबला होता. इंजिनाचा आवाज मात्र एखाद्या दशग्रंथी ब्राह्मणाच्या संथेसारखा सलग आणि गंभीर होता.

"मालक, जावयाला द्यायची म्हणता, तर ती पांढरी न्या. चार लोकांत शोभती. ही काळी लय दांडगी हाय. पाय जरा जड पडला की आवरत न्हाई."

"चालवून बघू," दिनकरराव म्हणाले.

विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून त्या दिवशी पुन्हा बंद होता. जिंतूरच्या रस्त्यावर एकही एसटी नव्हती. दिनकररावांनी गाडी अशी सोडली की रंगनाथाने दोन्ही हातांनी समोरची फळी धरली आणि पीराला नवस बोलला. परत आल्यावर त्यांनी टायर नवे घालायला सांगितले, टाकी काठोकाठ भरून घेतली आणि पांढऱ्या गाडीकडे एकदाही न पाहता ते निघाले.

गंगाखेडच्या दिनकररावांची एकुलती एक लेक कोकिळा ताडकळसच्या व्यंकटरावाला दिलेली होती. तिच्या पाठीवरचे वळ आईने, पार्वतीबाईंनी, मागच्या दिवाळीत न्हाऊ घालताना पाहिले. त्यानंतर तिला माहेरी धाडणे बंद झाले. दिनकरराव आणायला गेले, तेव्हा वेशीबाहेर व्यंकटरावाची जीप आडवी आली आणि बापाच्या डोळ्यांदेखत लेकीला परत नेण्यात आले.

आता भाद्रपद अधिक आला होता. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण; दीप आणि अनारसे देऊन त्याचे पूजन करावे, असे शास्त्रही सांगते आणि रूढीही. व्यंकटरावाने निरोप पाठवला की अनारसे नकोत, विलायती गाडी हवी. ती दारात आली तरच पोरगी सुखाने नांदेल.

गावात कुचेष्टा झाली. पारावर कोणी म्हणे, दिनकररावांचा कणा गेला. कोणी म्हणे, पुढच्या अधिकाला विमान मागेल. दिनकरराव ऐकून न ऐकल्यासारखे करीत. पार्वतीबाईंनी तर नवऱ्याशी बोलणेच टाकले होते. निघायच्या दिवशी अनारशांची टोपली गाडीत ठेवताना मात्र त्यांना राहवले नाही.

"लेकीला मारणाऱ्याचे पाय धुवायला चाललाव तुमी."

"रीत हाय," एवढेच म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

ताडकळसला व्यंकटराव मित्रांना घेऊन दारातच उभा होता. गाडीभोवती फेरी मारून त्याने बोटाने पत्र्याची पोपडी काढली. "मामा, आमाला म्हातारी घोडी बांधलीत की वो." मित्र हसले. दिनकररावांनी खाली वाकून त्याचे पाय धुतले, गंध लावले, दीप दिला.

मग त्यांनी हात जोडून विनंती केली, की नव्या वाहनातून प्रथम घरच्या लक्ष्मीने मारुतीला जाऊन यावे. व्यंकटरावाने आईकडे पाहिले. त्याची आई चतुराबाई क्षणभर थबकली आणि आत गेली. आत बराच वेळ लागला.

"तिनं मौन धरलंय, मामा," व्यंकटराव म्हणाला. "अधिकाचं व्रत हाय. बोलायला लावू नका. वळसा घालून लगोलग आणा."

ती बाहेर आली. अंगावर कोकिळेची माहेरची हिरवी साडी होती, पदर सासरच्या रीतीप्रमाणे हनुवटीपर्यंत ओढलेला. हातात पूजेचे ताट होते. व्रताचा भंग नको, म्हणून दिनकररावांनी लेकीला हाकही मारली नाही. ती मागे बसली. व्यंकटराव पुढच्या दाराशी आला, तसे ते नम्रपणे म्हणाले, "आधी लक्ष्मी, मग नारायण." मित्र पुन्हा हसले. व्यंकटराव मागे सरला.

मारुतीचे देऊळ आले. गाडी वळली नाही.

वेस ओलांडताच दिनकररावांनी पाय दाबला. मागे जीप निघालेली आरशात दिसली. पाहता पाहता ती काडेपेटीएवढी झाली आणि मग दिसेनाशी झाली. शेते, बाभळी, ओढ्यावरचा पूल, सारे सरसर मागे पडले. दिनकरराव पुढे पाहूनच बोलत राहिले: भिऊ नको, बाळ. पुन्हा त्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. आई वाट पाहते आहे; ती माझ्यावर रागावली आहे, पण तुला पाहील आणि राग विसरेल.

परभणी जवळ आल्यावर एका निंबाखाली त्यांनी गाडी थांबवली. खाली उतरून मागचे दार उघडले.

"कोकिळे, सुटलीस. मौन सोड आता. नारायणाची क्षमा मी मागतो."

पदराआडून रडणे ऐकू आले. मग पदर वर झाला. पाहिलेला नव्हता असा एक चेहरा त्यांच्याकडे बघत होता.

"मी कडूबाई, मालक. त्यांच्या घरी भांडी घासती," ती बाई म्हणाली. "ताई परवाच गेल्या. मळ्यातच गुपचूप अग्नी दिला. गाडी हाती येऊस्तोवर तुमाला कळवायचं न्हाई म्हणले."