कागदाचं कार्नेशन

फुलाला एकोणीस पाकळ्या होत्या. लाल पातळ कागदाच्या, कडा बारीक कातरलेल्या. देठाच्या तारेवर हिरवी पट्टी चिकटवताना बोटांना डिंक लागला असावा, कारण एका पाकळीवर छोट्या अंगठ्याचा ठसा होता. मेंग बाईंनी ते सगळं पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"नियम आहे, दाओन. वर्गावरच्या बाईंनी मुलांकडून शिक्षकदिनालासुद्धा काही घ्यायचं नाही. कागदाचं फूलही नाही."

"मी काय मार्क मागतेय का? आणि ग्वाक बाईंनी बरं घेतलं सकाळी!"

"त्या गेल्या वर्षीच्या. आता तुला शिकवत नाहीत, म्हणून त्यांना चालतं."

"म्हणजे शिकवायचं सोडलं की फूल मिळतं? कुणी केलाय असला उलटा नियम?"

बाईंना हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. महिनाभर त्या रोज ठरवत होत्या, आज मुलांना सांगायचं. आणि रोज शाळा सुटत होती.

"जपून ठेव," त्या म्हणाल्या. "शनिवारी माझ्या घरी घेऊन ये. मी घेईन."

"शनिवारी कसं चालेल?"

"उद्या माझा शाळेतला शेवटचा दिवस आहे."