पेढा हरवला

पेढ्याचं भुंकणं जिन्यातून खाली उतरलं, फाटकाबाहेर गेलं, लांब लांब होत गेलं आणि मग ऐकूच येईना. सावळीराम आहेरांनी तोंडाला लावलेला चहा तसाच खाली ठेवला.

ते बाहेर आले तर निकिता जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती.

"दुधासाठी दार उघडलं आणि पायातून निसटला," ती कशीबशी म्हणाली. "हर्षल बाईक घेऊन हायवेकडे गेलाय."

हायवे! पेढ्याला रस्त्याची अक्कल शून्य. गॅलरीत उभं राहून अख्ख्या इंदिरानगरवर राज्य करायचं, एवढंच त्याला ठाऊक. ट्रकसमोरही तो छाती काढूनच उभा राहील.

"तो हायवेला नाही गेला," ते चप्पल शोधत म्हणाले. "घंटागाडीच्या मागे गेलाय. तिच्यावर त्याचा सगळ्यात जास्त राग. मी बघतो."

"तुम्ही?" निकिताने डोळे पुसत विचारलं.

"मग कोण? तू इथेच थांब. परत आला तर दार उघडं सापडलं पाहिजे."

"अहो, टोपी तरी घाला!" मंगलाबाई आतून ओरडल्या. पण सावळीराम फाटकाबाहेर पडलेसुद्धा होते. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात मंगलाबाईंची.

"पेढा! ए पेढा!" ते गल्लीगल्लीतून हाका मारत निघाले. रविवारची सकाळ, माणसं मिसळ खायला निघालेली. जो तो वळून बघत होता.

"काय हो आजोबा, नातू झाला का?" भाजीवाल्या तानुबाईने हसत विचारलं. "आम्हाला पण द्या की पेढा."

"अहो, कुत्रा हरवलाय. पेढा नाव आहे त्याचं."

तिचं हसू मावळलं. "अगं बाई! तुमचा का?"

"आमच्याकडचाच."

"दिसायला कसा?"

"पेढ्यासारखाच. बुटका, पिवळसर."

"चावतो?"

"छे! चावत नाही. भुंकतो मात्र..." सावळीरामांनी चष्मा काढून पुसला. "असा भुंकतो बाई, काय सांगू तुम्हाला."

"तसा एक पळाला खरा घंटागाडीमागे," म्हणत तिने चौकाकडे बोट दाखवलं. तिथे घंटागाडी उभी होती. गाडीवरच्या भागीबाईने सावळीरामांची अवस्था बघून आधी त्यांना पाणी दिलं.

"ते पिवळं व्हय? लय भुंकलं हो बाबा आमच्यावर. हितवर मागं पळत आलं. मंग हितली कुत्री लागली ना त्याच्या मागं. तसं गेलं ते कॅनॉलकडं. ती कुत्री लय वंगाळ हायती, लवकर जा."

गुडघे नको म्हणत असताना सावळीराम पळाले. जीव टांगणीला लागला होता. त्याला काही झालं तर? उद्या सकाळी घंटागाडी येईल आणि कुणीच काही बोलणार नाही. ती शांतता त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि त्यांना खरोखर भीती वाटली. या वयात, एका कुत्र्यासाठी!

कॅनॉलच्या रस्त्यावर कुत्र्यांचा नुसता गोंगाट होता. कुठून येतोय, किती आहेत, काही कळेना. सावळीराम थांबले. त्यांनी डोळे मिटले. मनमाडला रेल्वेत उभा जन्म गेला होता, नुसत्या शिट्टीवरून कोणतं इंजिन ते सांगायचे. त्यांनी कान दिला.

दोन बारीक भुंकणी, एक लांबलचक, आणि शेवटी शिंकल्यासारखं फुर्र.

"हाच!" ते ओरडले. अख्ख्या नाशकातली कुत्री एका जागी आणून उभी केली असती, तरी हा आवाज त्यांनी ओळखला असता.

रस्त्याच्या कडेला सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. त्यातल्या एकासमोर चार दांडगी कुत्री उभी होती आणि पाइपाच्या आतून पेढा त्यांना एकट्याने सुनावत होता. सावळीरामांनी आधी एक चप्पल फेकली, मग दुसरी. कुत्री पांगली.

"ये रे. ये माझ्या राजा."

पेढा भुंकायचा थांबला. त्याने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं, नाक पुढे काढून वास घेतला आणि एकदम त्यांच्या अंगावर झेप घेतली. त्याचं अंग थरथरत होतं. ते इतकं मऊ असेल असं सावळीरामांना कधी वाटलं नव्हतं. तो त्यांचा चष्मा चाटत राहिला आणि ते भर रस्त्यात हसत, रडत बसून राहिले.

मग त्यांनी घरी फोन लावला. "सापडला गं! आधी निकिताला सांग!" पलीकडून असा आनंदाचा गलका झाला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

परतताना रिक्षात पेढा त्यांच्या खांद्यावर मान टाकून पडला आणि चक्क घोरू लागला. सावळीरामांनी रिक्षावाल्याला खड्डे चुकवत चालवायला सांगितलं.

इमारतीच्या पार्किंगमध्ये सगळे जमले होते. निकिता धावत आली. तिने आधी पेढ्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग वाकून अनवाणी सावळीरामांच्या पायांना हात लावला. हर्षलने पुढे होऊन रिक्षाचे पैसे दिले. मंगलाबाई पदराने डोळे टिपत होत्या.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी प्रतिभाताई घसा खाकरत पुढे आल्या.

"आहेरकाका, मीटिंगसाठी खुर्च्या मांडून झाल्यात. आज विषय एकच, तुमची तक्रार. वरच्या मजल्यावरच्या हर्षल-निकिताचा कुत्रा दिवसरात्र भुंकतो, तुम्हाला डोळा लागू देत नाही, तेव्हा त्याला सोसायटीतून कायमचं बाहेर काढावं. करायची ना सुरुवात?"

"जरा हळू बोला हो," पेढ्याच्या कानावर हात ठेवत सावळीराम कुजबुजले, "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."