उरलेले पत्ते दोनदा

चष्मेवाल्याने हातातले दोन्ही पत्ते टेबलावर उलटले. इस्पिकचा राजा आणि चौकटचा राजा.

त्याच्या बायकोने आपले पत्ते समोर मांडले. बदामची अठ्ठी, बदामची तिर्री. मध्ये तीन पत्ते उघडे होते, त्यांतले दोन बदामचे. अजून दोन उघडायचे होते. त्यांत एक जरी बदाम आला तरी तिचे पाच बदाम होऊन डाव तिचा. नाहीतर राजांच्या जोडीचा.

“शंभरात छत्तीस,” ती पुटपुटली.

क्लबात तिने अकरा वर्षं पत्ते वाटले होते. असले हिशेब तिला तोंडपाठ होते. तिथेच तिच्या टेबलावर रोज हरता हरता हा माणूस तिचा नवरा झाला होता. आता महिनाअखेरीला तो तिचा कुणीच नसणार होता.

कपाटं, पलंग, भांडी, सगळ्याची वाटणी झाली होती, तीही आवाज न चढवता. वर घर, खाली दुकान आणि मधल्या जिन्यावर बांधून ठेवलेली खोकी. गाडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. “एकेक घ्या आणि मोकळे व्हा,” असं वकील म्हणाला, तेव्हा गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच दोघं एका सुरात बोलले. नाही. तोडायचं नाही. जे असेल ते एकाकडे, पुरतं. कोर्टात एकमेकांची लक्तरं काढण्यापेक्षा एक डाव बरा, हे तिनेच सुचवलं होतं.

आता मात्र तिने गठ्ठ्यावरचा हात मागे घेतला.

“उरलेले पत्ते दोनदा वाटू या?” तिने विचारलं. “आधी दोन उघडू. ते बाजूला ठेवून पुन्हा दोन.”

“त्यानं तुझं पारडं जड होतं का?”

“कुणाचंच होत नाही. सरासरी तीच राहते. फक्त सगळंच्या सगळं हातचं जाण्याची भीती कमी होते. आत्ता माझी चौसष्ट आहे, ती चाळीसवर येईल.”

“आणि तुला सगळं मिळण्याची?”

“छत्तीसवरून बारावर.”

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. “मग राहिलेल्या अठ्ठेचाळीसात?”

“एक डाव तुझा, एक माझा.”

“पण आपलं ठरलं होतं...”

“ठरलं होतं,” ती म्हणाली.

क्लबातही ती हे असंच सांगायची. गणित बदलत नाही साहेब, धक्का तेवढा कमी बसतो. घाबरलेली माणसं लगेच हो म्हणायची. पैशांपुरतं ते खरंही होतं.

चष्मेवाल्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं.

“मलाही सगळं गमावायचं नाहीये,” तो म्हणाला. “वाट.”

पहिल्या वेळी किलवर आला, मग इस्पिक. दोन्ही काळे. तिने ते बाजूला सरकवले. हाताला सवय होती म्हणून. नाहीतर ते तिच्याच्याने उचललेही गेले नसते.

दुसऱ्या वेळी आधी चौकट आला. शेवटचा पत्ता तिने बोटाखाली क्षणभर दाबून धरला आणि उलटला. बदामची दुर्री.

तिला एकदम रडू फुटलं. सुटल्यासारखं. सगळं गेलं नव्हतं. चष्मेवाल्यानेही मोठा श्वास सोडला आणि कित्येक महिन्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “कुणाचंच घर अगदी रिकामं नसेल.”

तिने मान हलवली, डोळे पुसले. खाली शेजारणीचा आवाज आला, मग खोक्यांमधून वाट काढत जिना चढणारी पावलं.

चष्मेवाल्याचा हात तिच्या हातावरून निघाला.

“पहिला डाव कुणाच्या नावाचा होता?” त्याने अगदी हळू विचारलं. “ते ठरवलंच नाही आपण.”

दार उघडलं, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या जुळ्या मुली एकमेकींचा हात धरून आत आल्या.