खालची नळी

"पान्हा दे. तो नव्हे, मोठा!"

कुंदाताईंनी मोठा पान्हा पुढं केला. गंगाधरपंत मोटारीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. इंजिनाचं पाणी थंड ठेवणारा जुना रेडिएटर फुटलेला. तो काढून पुण्याहून आलेला नवा ते बसवत होते. हाताशी गडी नाही की मिस्त्री नाही. भोरच्या वकिलानं अंगणात बसून हात काळे करावेत म्हणजे नवलच! पण आज माणूस इरेला पेटला होता.

पेटणार नाही तर काय? पोटची पोर, शुभा, परवा घर सोडून विंझरला गेली. तिथल्या शाळेतला आनंदमास्तर तिच्या मनात भरलेला, आणि तो परजातीतला. "मला मुलगी नाही!" पंत तेव्हा गरजले होते. त्यानंतर नवराबायकोत अळीमिळी गुपचिळी. काल विंझरचा गेनबा कोर्टाच्या कामाला आला आणि म्हणाला, "वकीलसायेब, उद्या दुपारी बाराला लगीन हाय. समदा गाव जमतोय."

झालं. आज उजाडल्यापासून ही हातघाई.

"घोटभर चहा तरी घ्या," कुंदाताई म्हणाल्या.

"नको म्हटलं ना! बाराच्या आत पोचलंच पाहिजे. बैलगाडीनं निघालो तर दिवस मावळेल."

पोचून काय करणार, हे विचारायची त्यांची छाती नव्हती. भरल्या मांडवातून पोरीला दंडाला धरून ओढत आणतील, दुसरं काय! बाई बाई, गावासमोर केवढी शोभा! कुंदाताईंना स्वतःला आनंद मनापासून पसंत होता. पण या घरात तोंड उघडायची सोय कुठं होती?

"ही खालची नळी जपून धर." पंतांनी नवी रबरी नळी त्यांच्या हातात दिली. "जुनी हात लावताच तुटली. ही नसली तर आत थेंबभर पाणी टिकायचं नाही. दोन घागरी शेंदून फडक्यानं गाळून ठेव. मी आलोच." आणि हात पुसत ते आत गेले.

नळी कमरेला खोचून कुंदाताई आडावर गेल्या. एक घागर शेंदली. दुसरी शेंदून काठावर ठेवली आणि कमरेची नळी हातात घेतली. आजवर नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. पण पोरीच्या जन्माचा प्रश्न होता. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि नळी आडात सोडून दिली.

डुबुक! या आडाचा तळ भर उन्हाळ्यातसुद्धा कुणी पाहिला नव्हता.

"सुटले गं बाई," त्या पुटपुटल्या आणि निमूटपणे पाणी गाळत बसल्या.

आत ट्रंकेची कडी वाजली. पंत बाहेर आले. खांद्यावर पीतांबर, हातात कुंदाताईंचा हिरवा शालू. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवळला होता.

"बघतेस काय अशी? ती नळी दे इकडं आणि हा नेसून घे पटकन. कन्यादानाला जोडीनंच बसावं लागतं."