चामराजपेटचा बुलडॉग

“आत्ताच हात लावू नका,” महानंदाबाई म्हणाल्या. “आणखी एक जण यायचेत.”

सुहासने पुढे केलेला हात मागे घेतला. चामराजपेटमधल्या त्या घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, लान्झ बुलडॉग उभा होता. एकच सिलिंडर, आणि समोर नाकासारखा बाहेर आलेला लोखंडी गोळा. सत्तर वर्षांपूर्वीचा जर्मन ट्रॅक्टर! सुहास शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि चार वर्षं याचे नुसते फोटो बघत आला होता. परवा ट्रॅक्टरवेड्यांच्या ग्रुपवर ‘विकणे आहे’ अशी जाहिरात दिसली, तेव्हापासून त्याचं कामात लक्ष नव्हतं.

“तुमच्याकडे कसा आला हा?”

“बाबांचा. निपाणीकडे तंबाखूचं शेत होतं आमचं. शेत विकलं, पण हा नाही विकला त्यांनी. लॉरीवर घालून इथं आणला. ते गेल्यापासून बंद आहे, बारा वर्षं.”

सुहास वाकून बघू लागला. बारा वर्षं बंद असलेल्या मानाने प्रकृती छान होती. टायरात हवा होती. टाकीचं झाकण उघडलं तर आत गंजाचा कण नाही.

“टाकी कोणी साफ केली?”

“आले होते एक जण. कोईमतूरचे.”

“आणि ही नळी? नवी दिसतेय.”

“ती दुसऱ्यांनी बदलली. फार भली असतात ही ट्रॅक्टरवाली माणसं. कॉफी घेणार ना?”

तेवढ्यात बसवंतअण्णा आले. साखर कारखान्यातले निवृत्त फिटर, वय पंचाहत्तरच्या पुढे, काखेत कापडी पिशवी. त्यांनी कुणाला नमस्कारही केला नाही. सरळ जाऊन दोन्ही तळवे बुलडॉगच्या अंगावर ठेवले.

“विसाव्या वर्षी असल्याच एकावर बसलोय,” ते म्हणाले. “मालक दुसरा होता. जीव माझा.”

सुहास एक पाऊल पुढे सरकला.

“तुम्हीही घ्यायला आलात?”

“मग काय देवदर्शनाला?”

दोघांनी एकमेकांना नीट निरखून घेतलं.

“आधी चालू तर होऊ दे,” महानंदाबाई म्हणाल्या. “बंद पडलेलं यंत्र मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही.”

आता इलाज नव्हता. बुलडॉग चालू करायचा तर आधी तो गोळा तापवावा लागतो. त्यासाठी ज्योत फेकणारा ब्लो लॅम्प सुहासकडे होता. किती तापवायचा ते फक्त अण्णांना ठाऊक. अण्णांनी डिझेलचा तुंबलेला नॉझल काढून तारेने साफ केला. तो परत बसवायला तांब्याचा वॉशर हवा होता. सुहास क्षणभर घुटमळला. मग खिशातून रुमालात गुंडाळलेला वॉशर त्याने बाहेर काढला. थेट जर्मनीहून मागवलेला, दोन वर्षं जपून ठेवलेला.

“अरे वा!” अण्णा एकदम ‘अरे-तुरे’वर आले. “तू तर पक्का वेडा हायस की!”

महानंदाबाई स्टुलावर बसून मोबाइलवर सगळं टिपत होत्या. “अण्णा, पुन्हा सांगा. कितपत लाल झाला म्हणजे पुरे?”

“पिकल्या मिरचीसारखा, अक्का. त्याच्यापुढं न्हाई.”

गोळा लाल झाला. अण्णांनी स्टीअरिंगचं चाक दांड्यासकट उपसलं आणि बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खोचलं.

“झुलव. पुढं, मागं. अंगठा आत घेऊ नको, मनगट मोडतंय.”

सुहासने झुलवलं. काही नाही. पुन्हा झुलवलं. धुराचा एक भपका. तिसऱ्यांदा त्याने सगळं अंग लोटलं, आणि धुप्!

धुप्. धुप्. धुप्. शेडचे पत्रे थडथडू लागले. शेजारच्या गच्च्यांवर माणसं आली.

“चाक काढ! काढ बाहेर!” अण्णा ओरडले आणि कान देऊन थबकले. “अरे, उलटा फिरतोय! स्वल्प थांब.”

त्यांनी डिझेल तोडलं. ठोके मंदावले, अडखळले. आता मेलाच, असं वाटत असतानाच अण्णांनी डिझेलचा खटका पुढे सारला. बुलडॉगने एक हिसका दिला आणि सुलट फिरू लागला. पंचाहत्तरी उलटलेले अण्णा टाळ्या पिटत होते. सुहासने त्यांना चक्क उचललं.

महानंदाबाई डोळे मिटून उभ्या होत्या. तोंडाला पदर, आणि एक हात थरथरत्या बॉनेटवर.

जरा वेळाने अण्णा सुहासच्या कानाशी ओरडले, “तूच घे रे. मला अधूनमधून आवाज ऐकायला बोलव.”

“छे! अण्णा, तुम्हीच घ्या. मी शिकायला येईन.”

“मग दोघांत घेऊ!”

“दोघांत!”

महानंदाबाईंनी डोळे पुसले. “सरी, ठीक आहे. हुबळीच्या दादाला विचारते आणि सोमवारी कळवते. बंद नका करू, मी ऐकते थोडं. बंद कसा करायचा तेवढं दाखवून ठेवा.”

अण्णांनी दाखवलं. फाटकापर्यंत दोघं बोलतच होते: बुलडॉगला शेड कुठं बांधायची, रंग कुठला द्यायचा. सुहासने त्यांना ऑटोत बसवलं, स्कूटरपाशी आला आणि त्याच्या लक्षात आलं, हेल्मेट आतच राहिलं.

अंगणात बुलडॉग अजून धडधडत होता. महानंदाबाई वर सीटवर ऐटीत बसल्या होत्या. एक हात परत बसवलेल्या स्टीअरिंगवर, दुसऱ्या हाताने फोन कानाशी.

“हो, अजून आहे की! विकायचाच आहे,” त्या इंजिनच्या आवाजावर ओरडत होत्या. “या ना रविवारी. फक्त एक सांगा, ब्रेकचं काम येतं ना तुम्हाला?”