गुळाची तुला

"अजून एक ढेप ठेवा गुरुजी. गेल्या वर्षीच्या गुळात माझी नात मावची नाय," लवूनाना म्हणाले आणि मांडवातली माणसं हसली.

रामजन्म नुकताच झाला होता. बुवांनी कीर्तन असं रंगवलं होतं, की भर दुपारच्या उकाड्यातही मुलुंडच्या त्या लहानशा राममंदिरातून कुणी हललं नव्हतं. नाना बुवांच्या मागे टाळ धरून उभे होते. आवाज पार बसला होता, कपाळ गुलालाने माखलं होतं. आता पाळण्याशेजारी तराजू टांगला होता. प्रांजल जन्मली तेव्हाच नाना रामापुढे बोलले होते, पाच वर्षं दर रामनवमीला नातीच्या वजनाचा गूळ वाहीन. हे तिसरं वर्ष. गेल्या वर्षी लागल्या तेवढ्या ढेपा एका पारड्यात चढल्या आणि वर ही जास्तीची. पोर वर्षभरात वाढणारच की!

नानांच्या सुनेने, दीप्तीने, लेकीला उराशी धरलं. हिरव्या परकर-पोलक्याच्या आत तिने सकाळी दोन फ्रॉक चढवले होते, पोर अंगाने भरलेली दिसावी म्हणून. तरी मानेजवळची हाडं लपत नव्हती. चारच दिवसांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता सुया नकोत. घरी न्या, मागेल ते खाऊ द्या." ते ऐकायला तिथे दोघंच होती, ती आणि तिचा नवरा नितेश. रिक्षात नितेश एवढंच म्हणाला होता, "रामनवमी होईपर्यंत नानांना काही बोलू नकोस. मोडतील गं ते."

"काय गो दीप्ती, पोरीला जेवायला घालतेस ना?" वसुधाआत्यांनी मागून चिमटा काढलाच. "गाल खंय गेले हिचे?"

"दाढा येतायत, आत्या," दीप्ती म्हणाली.

तिने प्रांजलला पारड्यात बसवलं. पोरीने गुलालाने रंगलेलं बोट तोंडात घातलं आणि ती आईकडे बघत राहिली. गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलं होतं. हे वरच राहिलं. गुरुजींनी साखळी जराशी हलवून पाहिली. पारडं झुललं, पण खाली येईना. मागचे टाळ एकेक करून थांबले. कुणा बाईने पदर तोंडाला लावला. समोर फोन धरून व्हिडिओ काढणाऱ्या नितेशचा हात हळूहळू खाली आला.

"नाना, एखादी ढेप काढू का?" गुरुजींनी हलकेच विचारलं. "नाहीतर दोन."

"गुळाक हात लावचो नाय!" नाना पुढे आले. "पोर हलता, म्हणान काटो एका जागी रवणा नाय."

ते पारड्यामागे गुडघे टेकून बसले आणि नातीच्या परकराचा घोळ सारखा करू लागले. पारडं कुरकुरलं. मग सावकाश खाली आलं, गुळाचं वर उठलं आणि काटा बरोबर मध्यावर थांबला.

"प्रभू रामचंद्र की जय!" मांडव दणाणला. नितेश गर्दीतून घुसत आला. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर तजेला दिसत होता.

"दीप्ती, बघितलंस? भरली गं आपली पोर! डॉक्टरला काय कळतंय? उद्याच दुसरीकडे दाखवू!" म्हणत तो नारळ वाढवायला धावलाही.

दीप्ती लेकीला उचलायला वाकली आणि तशीच थबकली. परकराच्या घोळाखाली नानांची मूठ पारड्याच्या कडेवर आवळलेली होती. शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"नितेशाक सांगा नको," नाना ओठांतल्या ओठांत म्हणाले. "आजचो दिस तरी जगांदे तेका."

दीप्तीने परकर सारखा करायच्या निमित्ताने आपलाही हात त्या मुठीवर ठेवला आणि पारडं खाली दाबून धरलं.