नाय म्हाराजा

सकाळी अकरा वाजता तोंडवलीच्या देवळात गुणाजींचं गाऱ्हाणं मध्येच अडलं. नारळ हातात होता, तोंड उघडं होतं आणि पुढचा शब्द येत नव्हता. गावाने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

गाऱ्हाण्याची पद्धत सोपी आहे. एकाने, तोंडवलीत गुणाजींनी, गावाच्या वतीने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वाक्य ऐकलं नसलं तरी म्हणायचं. मग नारळ फुटतो आणि लोकांचं लक्ष देवावरून खोबऱ्याकडे जातं.

आजचं गाऱ्हाणं नितेशसाठी होतं. नितेश सैन्यात होता. त्याची सुट्टी संपली होती आणि रात्री कुडाळहून गाडी होती. सुट्टीभर तो धड झोपला नव्हता. पहाटेपर्यंत अंगणात फेऱ्या मारायचा. त्याची आई पद्मावती मासे विकता विकता गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची, "झील घराक येवन पण राखण करता."

शेजारच्या दिव्याला ते कौतुकाचं वाटलं नाही. जवानांच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक घडवणारा एक अभ्यासक्रम ती पुण्यात करत होती. समोरच्याला आदराने 'तुम्ही' म्हणा, प्रश्न थेट विचारा आणि मग गप्प राहा, असं तिथे शिकवलं होतं. काल तिने नितेशला पडवीत बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला आत्महत्येचे विचार येतात का?"

"नाही मॅडम. सर्व ठीक आहे."

शाळेत जिच्या वेण्या ओढल्या तिला मॅडम म्हणताना त्याची पापणीही हलली नाही. दिव्या नियमाप्रमाणे गप्प राहिली. पण तोंडवलीत शांतता फार वेळ रिकामी राहत नाही. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून निवृत्त हवालदार शंकरकाका ओरडले, "गो दिव्या, आमच्या टायमाक सुभेदार एक लाथ घाली, माणूस लगेच बरो! कोर्स खंयचो नि काय खंयचा!"

सगळ्यांत मोठ्याने नितेश हसला. समुपदेशन तिथेच संपलं.

आज गुणाजी रंगात होते. त्यांचा आवाज असा की देवाने नाही ऐकलं तरी होडीवाले ऐकतात.

"बा देवा म्हाराजा, आमचो नितेश आज परत नोकरेर चललो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"झील ठणठणीत आसा, वाघाच्या काळजाचो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," नितेश म्हणाला.

गावाचं 'व्हय' आधीच म्हणून झालं होतं. त्यामुळे 'नाय' एकटंच ऐकू आलं. गुणाजी अडले ते इथे.

"काय नाय रे?" शेवटी त्यांना वाचा फुटली. "विरोध करूक ही काय ग्रामसभा आसा?"

नितेश सावधानमध्ये उभा होता. नजर देवावर होती. "मी बरो नाय. माझ्या बाजूच्या कॉटवरच्या पोरान जीव दिल्यान. आदल्या रातीक माझ्यावांगडा जेवलो, माका काय कळला नाय. आता पहाऱ्यार उभो रवलंय काय माका माझ्याच बंदुकीची भीती वाटता."

पद्मावती होती तिथेच खाली बसली. दिव्या गर्दीतून पुढे आली. पुण्यात शिकलेलं 'तुम्ही' वाटेत कुठेतरी पडलं.

"कदीपासून रे?"

"दिवाळीपासून."

"मग काल कित्याक नाय सांगलंस?"

"काल तू मॅडम होतंस."

गुणाजींनी घसा खाकरला आणि नारळ पुन्हा दोन्ही हातांत धरला.

"तर बा देवा म्हाराजा, आमचो झील बरो नाय आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कौलांवरचे कावळे उडाले.

"तो बरो होयसर तेका हंयच ठेव, आणि ह्या पोरीक जरा अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात दिव्याचाही आवाज होता.

नारळ फुटला. दिव्याने पुण्यातल्या आपल्या अभ्यासक्रमाच्या डॉक्टरांना फोन लावला. नितेशला आजच लष्करी रुग्णालयात दाखवा आणि तोवर एकटं सोडू नका, असं त्यांनी सांगितलं. सुट्टी वाढवण्याबद्दल नितेशच्या युनिटकडून दुपारपर्यंत काही कळलं नव्हतं. रुग्णालयात न्यायला गाडी येईपर्यंत तो आणि दिव्या देवळामागच्या खोलीत बोलत बसले. दार लोटलेलं होतं. पद्मावती दाराशी होती.

गाव जेवायला गेलं. शंकरकाका मात्र बाहेर पारावर बसून राहिले. त्यांची बायको नर्मदा बोलवायला आली.

"अवो, जेवूक येवा मां."

"तू हो फुडे," शंकरकाका त्या दाराकडे बघत म्हणाले. "माका चपला गावनत नाय."

चपला त्यांच्या पायातच होत्या.